मोठ्या नाणे प्रदर्शनात पहिलं टेबल लावताना : सातारा-सांगलीकडच्या नव्या विक्रेत्यांसाठी

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात जुनी नाणी जमवणारी आणि विकणारी माणसं पुष्कळ आहेत. बहुतेकांचा व्यवहार घरातून, सराफाच्या ओळखीतून नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवरून चालतो. मग कधीतरी पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाचं पत्रक हातात पडतं आणि आपणही एक टेबल घ्यावं असं वाटू लागतं. जरूर घ्या. एरवी वर्षभरात जेवढा माल नजरेखालून जात नाही तेवढा तिथे दोन-तीन दिवसांत जातो, आणि ज्यांची नावं फक्त फोनवर ऐकलेली असतात ती माणसं समोर भेटतात. मी साताऱ्याहून टेबल लावायला जातो. आपल्या भागातली नवी मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच पक्की करा. हॉलमध्ये मुंबई, राजस्थान, कोलकाता, दक्षिणेकडचे डीलर असतात. त्यांचं भांडवल मोठं, माल मोठा. त्यांच्याशी सगळ्याच बाबतीत बरोबरी करायला गेलात तर तीन दिवस माश्या मारत बसाल. आपल्याकडे आपला मुलूख आहे. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, कुठल्या गावात कुणाच्या देव्हाऱ्यातून निघते, कुठल्या आठवडी बाजारात मोडीत येते, हे त्यांना ठाऊक नाही. पहिलं टेबल त्याच जोरावर लावायचं.

१. आधी एकदा नुसते बघायला जा

टेबल घेण्याआधी त्याच प्रदर्शनात एकदा गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून रात्री परत येता येतं. सांगलीकरांना मुक्काम करावा लागेल, पण तो खर्च वाया जात नाही.

बघायचं काय? कुठल्या टेबलापाशी लोक उभे राहतात आणि कुठे नुसते वळून जातात. दिवे कसे लावलेत. डीलर ट्रे हातात देतो की आपल्याच हातात धरून दाखवतो. मुख्य म्हणजे भाव विचारा. आपल्याकडे ज्या पाच-सात प्रकारची नाणी भरपूर आहेत त्यांचे भाव चार-पाच टेबलांवर विचारून वहीत लिहा. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव असतो. हॉलमध्ये नाणं प्रत्यक्ष कितीला सुटतं हे शेजारी उभं राहिल्यावरच कळतं.

२. टेबल लवकर ठरवा, जागा बघून ठरवा

चांगली टेबलं महिनोन्महिने आधी जातात. आयोजकांकडे हॉलचा आराखडा मागा. दारातून आत शिरल्या शिरल्या पहिलं टेबल बरं असं वाटतं, पण तिथे लोक अजून डोळे फिरवत असतात, थांबत नाहीत. रांगेचं टोक मिळालं तर उत्तम, दोन बाजूंनी माणूस येतो. लिलावाच्या खोलीकडे जाणारी वाट असेल तर तिथे जाणकार गिऱ्हाईक वारंवार फिरतं.

पहिल्या वेळी दोघांत एक टेबल घ्या. भाडं निम्म्यावर येतं, आणि जेवायला किंवा लघवीला जायचं तर टेबल उघडं पडत नाही. मात्र जोडीदाराचा माल वेगळा असावा. तुम्ही मराठा आणि सल्तनतीची नाणी, तो नोटा नाहीतर ब्रिटिशकालीन, असं. दोघांकडेही शिवरायाच असतील तर पहिल्याच दिवशी भाव पाडण्यावरून तोंडं फिरतील.

पैसे भरताना काय काय मिळणार ते लिहून घ्या: टेबलाची लांबी, खुर्च्या किती, विजेचा पॉइंट आहे का, काचेचं शोकेस ते देणार की तुम्ही आणायचं, रात्री माल हॉलमध्ये ठेवता येतो का आणि त्याला राखण कुणाची.

३. कागदपत्रं

हा भाग नवे लोक सगळ्यात शेवटी बघतात. तो सगळ्यात आधी बघा.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार शंभर वर्षं आणि त्याहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवाना अधिकाऱ्याकडून मिळतो. शिवराई, मुघल, बहमनी, आदिलशाही तर यात येतातच. पण ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. व्हिक्टोरिया आणि सातव्या एडवर्डचे रुपये केव्हाच आत आले, पाचव्या जॉर्जचीही बरीच वर्षं आत आलीत. अर्ज, मालाची नोंद, विक्रीची नोंद हे सगळं वेळखाऊ आहे, म्हणून टेबल ठरवण्याच्या किती तरी आधी सुरुवात करा. परवाना हाती नसेल तर पहिल्या खेपेला शंभर वर्षांच्या आतला माल घेऊन बसा: सहाव्या जॉर्जची, १९५० नंतरच्या प्रजासत्ताकाची, १९५७ च्या नया पैशापासूनची नाणी. त्यातही चांगलं गिऱ्हाईक आहे.

याच कायद्याने पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. प्रदर्शनात परदेशी पाहुणे येतात, गोड बोलतात, जास्त पैसे देऊ करतात. बाहेर न्यायला शंभर वर्षांपलीकडचं नाणं द्यायचं नाही, कुरिअरने तर मुळीच पाठवायचं नाही.

जीएसटीचं तुमच्या सीएकडून समजून घ्या. मोटामोटी असं, की वस्तूंचा व्यापार राज्यातल्या राज्यात असेल तर वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पण बंगळूर-हैदराबादच्या प्रदर्शनात टेबल लावायचं तर गोष्ट बदलते. तिथे तुमचं दुकान नाही, म्हणून ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ अशी तात्पुरती नोंदणी लागते. ती किमान पाच दिवस आधी मागायची, अंदाजे कर आगाऊ भरायचा, आणि ती एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस चालते. पहिलं टेबल महाराष्ट्रातच घ्या, असं मी सांगतो त्याचं हे एक कारण.

रोकडीचे नियमही पाठ असू द्या. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. धंद्याच्या खरेदीपोटी एका माणसाला दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही.

बाद झालेल्या जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा टेबलावर ठेवायचा मोह अनेकांना होतो. २०१७ च्या कायद्याने साध्या माणसाला अशा एकूण १० नोटा, आणि अभ्यास किंवा संग्रहासाठी २५ नोटा जवळ ठेवता येतात. त्याहून एक जरी जास्त सापडली तरी १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त तिथपर्यंत दंड होऊ शकतो.

एका फाइलमध्ये हे ठेवा:
– आधार, पॅन आणि त्यांच्या झेरॉक्स
– परवाना, जीएसटी असल्यास त्याचं प्रमाणपत्र
– टेबलाचे पैसे भरल्याची पावती
– मालाची यादी, शक्यतो वजन आणि फोटोसह, दोन प्रती
– खरेदीच्या पावत्या
– कोरं पावतीपुस्तक

४. माल निवडा

सगळा संग्रह उचलून नेऊ नका. मी माल तीन थरांत लावतो. पहिला थर येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी: शंभर-दोनशे रुपयांच्या आतली नाणी, शाळेतली पोरं आणि नवे छंदिष्ट घेतात ती. यातून टेबलाचं भाडं निघतं. दुसरा थर मधल्या भावाचा, यावर धंदा चालतो. तिसरा थर म्हणजे चार-दोन उत्तम नाणी. विकली नाहीत तरी चालतात, पण ती बघायला जाणकार थांबतो आणि थांबला की बोलतो.

आता शिवराईबद्दल. गोणीत भरून आलेल्या शिवराया ‘घ्या कुठलीही’ म्हणून ढिगात लावल्या तर ढिगाचाच भाव मिळणार. पण त्या वेगळ्या करून लावा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, हे सगळ्यांना माहीत असतं. दहापटीचं भिंग घेऊन नीट बघा, मग फरक दिसू लागतात. शिव कुठे ‘सिव’ आहे, कुठे ‘शीव’. छत्रपतिमधला ‘ति’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. कडेची ठिपक्यांची माळ पूर्ण आहे की ठसा सरकून अर्धी बाहेर गेलीय. अक्षरं बारीक आणि रेखीव आहेत की ठोकळ. मजकुरात दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी, उत्तरकाळातली. एका पांढऱ्या कागदावर दहा शिवराया मांडा आणि खिडकीच्या उजेडात नाणं तिरकं धरून फिरवा. झिजलेला ‘श्री’ एका विशिष्ट कोनातच उठून दिसतो. अशा निवडून, जात लिहून लावलेल्या वीस शिवराया न निवडलेल्या दोनशेंपेक्षा जास्त पैसे देतात. हे काम मुंबईच्या मोठ्या डीलरला करायला वेळ नाही. तुम्हाला आहे, आणि साताऱ्याच्या माणसाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

एवढंच, की प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून विकू नका. राज्याभिषेक १६७४ चा, पण या नाण्याचा साचा पुढे दीडशे वर्षांहून जास्त चालला. सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं त्यानंतरही शिवराई बाजारात फिरत होती. आपल्या टेबलावरच्या बहुतेक शिवराया नंतरच्याच असतात. खरं सांगितलं तरी घेणारा घेतो, आणि पुढच्या वर्षी परत येतो.

५. नाणी तयार करा

पहिला नियम: धुवायचं नाही, घासायचं नाही. चिंच, राख, ब्रासो, टूथपेस्ट, काही नाही. तांब्यावरचा तो गडद तपकिरी थर म्हणजेच नाण्याचा पैसा आहे. चकचकीत केलेली शिवराई जाणकार हातातही घेत नाही.

कव्हरं नीट निवडा. बाजारात मिळणाऱ्या मऊ, पीव्हीसीच्या पाकिटांत नाणं वर्षभर राहिलं की त्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरची, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची, खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. होल्डरला मारलेल्या स्टेपलरच्या पिनांची टोकं पक्कडने दाबून सपाट करा, नाहीतर वरच्या होल्डरची पिन खालच्या नाण्याला ओरखडा पाडते. चांदीच्या नाण्यांची चवड रबर बँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो आणि तो जात नाही. मुंबईला जाणार असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

होल्डरवर लिहा: कुणाचं नाणं, टाकसाळ, वर्ष, वजन, दर्जा, भाव. भाव लिहिलेलाच असावा. भाव विचारायला लाजणारी माणसं खूप असतात, ती न विचारताच पुढे जातात. कोपऱ्यात तुमची खरेदी खुणेने लिहा. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवायचा, पहिलं अक्षर १, दुसरं २, असं. जुने व्यापारी हेच करत. गर्दीत घासाघीस चालू असताना हे नाणं आपल्याला कितीला पडलं ते चटकन दिसायला हवं.

दर्जा, म्हणजे नाणं किती झिजलंय ते, लिहिताना हात आखडा. ‘एक्स्ट्रा फाइन’ वाटलं तर एक पायरी खालचं ‘व्हेरी फाइन’ लिहा. गिऱ्हाईकाला नाणं लिहिल्यापेक्षा चांगलं वाटलं की विश्वास बसतो. तुमच्या नावाला जपणारं याहून स्वस्त साधन नाही.

६. बरोबर न्यायचं सामान

दोन एलईडी दिवे, एक पिवळसर आणि एक पांढरा. एक्स्टेन्शन बोर्ड, लांब वायरचा. दहापटीची दोन भिंगं, एक स्वतःसाठी आणि एक गिऱ्हाईकासाठी, दोरीने टेबलाला बांधलेलं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि तो बरोबर आहे का ते तपासायचं वजन. व्यास-जाडी मोजायला व्हर्नियर. लोहचुंबक. प्लास्टिकचा छोटा पेला आणि शिवणाचा दोरा (का ते पुढे सांगतो). मखमली ट्रे, काळं किंवा गडद निळं कापड, रात्री टेबल झाकायला मोठी चादर. कुलूप लागणारं शोकेस. कॅल्क्युलेटर, पेनं, मार्कर, कोरे होल्डर, स्टेपलर. सुट्टे पैसे भरपूर. यूपीआयचा स्टँड आणि शक्य असेल तर आवाज देणारा बॉक्स. दुसऱ्या कंपनीचं सिम. हॉलमध्ये शेकडो फोन एकत्र आले की नेटवर्क हमखास गळपटतं. पाण्याची बाटली आणि घरचा डबा, कारण टेबल सोडून जेवायला जाता येईलच असं नाही.

७. प्रवास

तुम्ही काय घेऊन चाललात ते स्टँडवर, गाडीत, हॉटेलात कुणाला सांगू नका. पिशवी साधी असावी, अंगापासून लांब ठेवू नये. चांदीचे रुपये जड होतात: हजार नाणी म्हणजे साडेअकरा किलोच्या वर. दोन पिशव्यांत विभागा.

निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही तपासणी पथक थांबवू शकतं. ५०,००० च्या वर रोख असेल तर तिचा हिशोब विचारतात, चांदीचाही विचारतात. अशा वेळी ती फाइल वरच्या कप्प्यात हवी. यादी, पावत्या आणि टेबलाची पावती दाखवली की बोलणं सोपं होतं.

घराच्या विम्यात हा माल धरलेला नसतो. वाटेतला आणि प्रदर्शनातला माल विम्यात घेता येईल का, हे एजंटला लेखी विचारा.

८. मांडणीचा दिवस : खरा बाजार इथे भरतो

आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा पहिल्या दिवशी सकाळी डीलरना आत सोडतात. नवे लोक हा वेळ कापड अंथरण्यात आणि फोटो काढण्यात घालवतात. तसं करू नका. लोकांसाठी दार उघडण्याआधीच्या या दोन-चार तासांत डीलर एकमेकांचा माल घेतात, आणि अनेकांची निम्मी उलाढाल इथेच होते.

म्हणून लवकर पोहोचा. अर्ध्या तासात टेबल लावा आणि एकाने बसून दुसऱ्याने फिरायला निघायचं. दुसऱ्याच्या टेबलापाशी गेलात की आधी नमस्कार, आपलं गाव सांगा. ‘शेठ, मी साताऱ्याहून. मराठा तांबं बघतो. काही न निवडलेलं आहे का?’ एवढं पुरतं. कर्नाटकातला किंवा गुजरातचा डीलर त्याच्या लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा घेतलेल्या मालात, आलेल्या शिवराया बहुधा न बघता ‘मराठा, मिक्स’ म्हणून ठेवतो. त्याला त्यातलं कळत नाही असं नाही, त्याचा तो विषय नाही. तुमचा आहे. तो डबा घ्या, ट्रेवर ओता, भिंग काढा.

डीलरच्या भावात लिहिलेल्या किमतीवर काही टक्के सूट गृहीत असते. ‘डीलरला काय?’ असं सरळ विचारायचं. तो आकडा सांगतो. पटला तर घ्या, नाही पटला तर ‘फिरून येतो’ म्हणा आणि खरंच फिरून या. एका-एका नाण्यावर चिकटून घासाघीस करण्यापेक्षा दहा नाणी बाजूला काढून एकत्र भाव मागणं दोघांनाही सोपं जातं. एकदा ‘दिलं’ म्हणालात की मागे फिरायचं नाही. शब्द मोडणाऱ्याचं नाव दुपारपर्यंत हॉलभर होतं.

तुमचंही नाणं इथेच विकायला काढा. तुमचं सर्वात चांगलं नाणं ज्या डीलरकडे योग्य गिऱ्हाईक आहे त्याला दाखवा. कमी नफ्यात गेलं तरी पैसे मोकळे होतात, आणि त्याच पैशात दुसरा लॉट घेता येतो. पहिल्याच दिवशी सगळं भांडवल अडकवू नका, मात्र. शेवटच्या दिवशी दुपारनंतर परत जाणाऱ्या लोकांना माल हलका करायचा असतो, तेव्हा हातात रोकड असलेल्याला भाव बरा मिळतो.

९. दार उघडल्यावर

गर्दी एकदम येते. एका वेळी एकालाच एक ट्रे. ट्रे देण्याआधी नाणी मोजा, घेताना मोजा, आणि हे मोकळेपणाने करा. खरा संग्राहक त्याचं वाईट वाटून घेत नाही. एक माणूस प्रश्न विचारून तुम्हाला डावीकडे वळवतो आणि दुसरा उजवीकडचा होल्डर उचलतो, ही जुनी पद्धत आहे. महागाची नाणी शोकेसमध्ये, किल्ली खिशात.

पैसे आले की नाही ते स्वतःच्या फोनवर किंवा बॉक्सवर ऐकून ठरवा. गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवरचं हिरवं टिकमार्क म्हणजे पैसे नव्हेत.

मुलांसाठी वेळ काढा. टाकसाळीच्या खुणा दाखवल्या की मुलं हरखतात: वर्षाखाली पत्त्यांतल्यासारखा चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. खिशातल्या नाण्यांवर ते लगेच शोधू लागतात. पाच रुपयांचं नाणं घेऊन गेलेला मुलगा पुढे संग्राहक होतो, हे मी पाहिलंय.

आणि माता वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं घेऊन येणारे भेटतील. त्यांनी मोबाइलवर ‘लाखो रुपये मिळवा’ असा व्हिडिओ बघितलेला असतो. त्यांना हसू नका. शांतपणे सांगा: ‘दादा, हे खरं नाणं आहे, पण असंख्य निघालीत, जपून ठेवा. कुणी फोन करून आधी फी भरा म्हणालं तर एक रुपया देऊ नका.’ रिझर्व्ह बँकेनेही आपलं नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांसाठी फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं २०२१ मध्ये जाहीर केलंय.

१०. टेबलावर चालत आलेली खरेदी

घरातला डबा घेऊन येणारा माणूस हीच प्रदर्शनातली सगळ्यात चांगली खरेदी, आणि सगळ्यात जास्त सावध राहायची जागाही तीच.

समजा एक काका रुमालात बांधून चाळीसेक चांदीचे रुपये आणतात. त्यांच्यासमोरच तीन ढीग करा. १९३९ पर्यंतचे एका बाजूला. १९४० ते १९४५ दुसऱ्या बाजूला. १९४७ चे वाघाचे तिसऱ्या बाजूला. कारण सांगत सांगत करा: पहिल्या ढिगातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका रुपयात जवळजवळ १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्मी झाली. १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो, चिकटवून दाखवा. सकाळी चांदीचा भाव बघून दोन्ही ढिगांची मोडीची किंमत कागदावर लिहून ठेवलेली असावी. त्याखाली भाव सांगायचा नाही, आणि संग्राह्य वर्ष असेल तर वर किती ते स्पष्ट सांगायचं.

खरं-खोटं तपासायला तो पेला आणि दोरा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवतो तो लिहा. ११.६६ ग्रॅमच्या चांगल्या रुपयाला तो १.१३ च्या जवळपास येतो. १९४० नंतरच्याला १.२ च्या वर. १.३ आला तर ती चांदी नाही, दिसायला कितीही खरं वाटलं तरी. झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरतं, म्हणून नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा: १९३९ पर्यंतच्या रुपयाला सव्वादहा-साडेदहाच्या दरम्यान आलं की चांदी ठीक. विटा-खानापूरकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम, करणारी माणसं चांदी नुसत्या नजरेने सांगतात, तशी ओळख असेल तर त्यांच्यापाशी बसून शिका. मात्र संग्राह्य नाणं कसोटीवर घासायचं नाही.

नेहमी समोर येणारी फसवी नाणी:

राम-सीता किंवा हनुमान असलेले, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ वगैरे सन घातलेले ‘आणे’. कंपनीने असे आणे कधी काढले नाहीत. हे तांब्या-पितळेचे टोकन आहेत, त्यांच्याभोवती ‘चमत्कारी तांबं’ म्हणून फसवणुकीची मोठी टोळधाड आहे.

१९३९ चा रुपया. हा दुर्मिळ आहे, म्हणून १९३८ च्या ८ चा ९ करतात. भिंगाखाली त्या ९ चं खालचं पोट बघा: बाजूच्या पृष्ठभागावर कोरल्याची खूण, आकड्याची उंची शेजारच्या ३ पेक्षा कमी, किंवा वळण अर्धवट. शंका आली की सोडून द्या.

सोन्याचा शिवराई होन. खरा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा आणि फार थोडे माहीत आहेत. दागिन्यासाठी बनवलेल्या नकला आपल्याच सराफ कट्ट्यावर मिळतात. ‘आजोबांकडून आलाय’ या एका वाक्यावर होन घेऊ नका.

१९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. हे नाणं खरं असतं, पण त्याच्या गोष्टीच्या नावाखाली कसलीही किंमत मागतात. दर्जा बघून द्या.

आता सर्वात महत्त्वाचं. कुणी म्हणालं, ‘रानात नांगरताना सापडलं’, ‘वाड्याचा पाया खणताना हंडा निघाला’, तर हात मागे घ्या. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन कलेक्टरना कळवावं लागतं. त्या माणसाला तेच सांगा, समजावून सांगा. असा साठा एकत्र राहिला तर त्यातून इतिहास कळतो, फुटला की नुसती सुटी नाणी उरतात. सातारा-सांगली भागात बांधकामं, विहिरी, रस्ते सतत चालू आहेत. अशी माणसं तुमच्याकडे येणारच.

खरेदी झाली की पावती करा, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, सही घ्या. ओळखपत्र द्यायला नकार दिला तर माल कितीही चांगला असो, घेऊ नका.

११. लिलाव

मोठ्या प्रदर्शनाला जोडून लिलाव असतो. बोली लावायची असेल तर आदल्या दिवशी लॉट प्रत्यक्ष हातात घेऊन बघा. कॅटलॉगच्या फोटोत कडेचा घाव दिसत नाही. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन, आणि कर येतो. म्हणून आपली वरची मर्यादा प्रीमियम-करासकट काढून कागदावर लिहा आणि तो कागद समोर ठेवूनच बसा. बोली लावायची नसेल तरी तासभर मागच्या खुर्चीवर बसून आपल्या विषयातल्या लॉटचे भाव टिपून घ्या.

१२. परत आल्यावर

त्याच रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी नक्की. यादीशी माल ताडून बघा. रोकड, यूपीआय आणि पावत्या जुळवा. परवान्याच्या नोंदवहीत विक्री-खरेदी चढवा, नंतर करू म्हटलं की राहतं. उधारीवर दिलेलं असेल तर तारीख ठरवून फोन करा. पहिल्या प्रदर्शनात उधारी शक्यतो देऊच नका. ज्यांना ‘फोटो पाठवतो’ म्हणालात त्यांना आठवड्याच्या आत पाठवा.

एक वेगळी वही ठेवा: लोकांनी काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं. त्या वहीवरूनच पुढच्या खेपेची खरेदी ठरते. आणि न विकलेल्या नाण्यांच्या होल्डरवरचे भाव लगेच खोडू नका. एखादं नाणं पाच जणांनी हातात घेऊन खाली ठेवलं असेल तर भाव चढा आहे, आणि कुणीच उचललं नसेल तर ते चुकीच्या हॉलमध्ये नेलं होतं. मराठा तांबं मुंबईपेक्षा पुण्यात जास्त बघितलं जातं असा माझा अनुभव आहे. प्रजासत्ताकाच्या स्मारक नाण्यांना उलट. नाशिकजवळ अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेचं संग्रहालय आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय, दोन्ही पुढच्या प्रदर्शनाआधी बघून या. नाणं ओळखायचा डोळा तिथे विनाघाई तयार होतो, टेबलावर गिऱ्हाईक उभं असताना नाही.

पुढच्या वर्षीचं टेबल हवं असेल तर आयोजकांना निघतानाच सांगून या, रांगेचं टोक तेव्हाच मिळतं.